घडीची वेल्डिंग टेबले मांडताना: माझा अनुभव

कोल्हापुरातील आमच्या घराच्या पार्किंगमध्ये स्कूटर, पाण्याची मोटर आणि माझी हौशी कार्यशाळा असे तिघांचे बिऱ्हाड असल्यामुळे जाड प्लेटचे कायमचे वेल्डिंग टेबल ठेवणे शक्यच नव्हते. सहा मिलिमीटरची पोलादी प्लेट चौरस मीटरला सुमारे ४७ किलो भरते, त्यामुळे असे टेबल एकदा मांडले की ते तिथेच राहते. म्हणून मी पातळ पत्र्याची, खाचा पाडलेली, घडीच्या पायांची दोन स्वस्त टेबले घेतली. प्रत्येकाचा माथा साधारण ७५० बाय ५०० मिलिमीटरचा आहे आणि दोन्ही शेजारी लावली की दीड मीटर लांबीची बैठक मिळते.

अशा टेबलाचा माथा सपाट असेल अशी अपेक्षा ठेवू नये. मधोमध अंगठ्याने दाबले तरी पत्रा किंचित दबतो आणि पट्टी उभी धरली की तिच्याखालून उजेड दिसतो. म्हणून मी काम थेट पत्र्यावर ठेवत नाही. दोन्ही टेबलांवर लांबीच्या दिशेने ५० बाय ५० बाय ३ मिलिमीटरचे, दीड मीटर लांबीचे दोन बॉक्स पाइप (चौकोनी पोकळ पाइप) आडवे टाकतो आणि चौकट त्यांवर मांडतो. हे पाइप शिवाजी उद्यमनगरातून वजनावर आणले. दुकानातच एकमेकांना चिकटवून, उलटसुलट फिरवून पाहिले आणि ज्यांच्यामध्ये फट दिसली नाही तेच घेतले. मीटरला सव्वाचार किलोच्या आसपास भरत असल्याने ते एकट्याने सहज हलतात.

आता प्रश्न पातळीचा. पार्किंगच्या कोब्याला पाणी वाहून जावे म्हणून फाटकाकडे उतार असतोच, आणि मी पाणसळ घेऊन पायांखाली वॉशर सरकवत बसलो होतो. शेजारचे फॅब्रिकेशनवाले काका ते पाहून म्हणाले, ‘‘लेव्हल कशाला बघत बसलाईस, आधी पीळ बघ.’’ त्यांचे म्हणणे रास्त होते. सगळी बैठक थोडी एका बाजूला कलली तरी चौकट बिघडत नाही, पण एका पाइपाचे टोक वर आणि त्याच बाजूचे दुसऱ्याचे खाली असेल, तर चौकट पिळलेलीच तयार होते. पीळ तपासण्यासाठी पाइपांच्या समोरासमोरच्या टोकांवरून दोन दोरे तिरपे ताणायचे. फुलीच्या जागी ते एकमेकांना जेमतेम टेकले पाहिजेत. मग वरचा दोरा खाली आणि खालचा वर घेऊन पुन्हा पाहायचे. एका वेळी दोरे अंतर राखत असतील आणि दुसऱ्या वेळी एकमेकांना दाबत असतील, तर योग्य त्या पायाखाली वॉशर द्यायचा. बैठक जमली की दोन्ही टेबले सी-क्लँपने एकमेकांना आवळायची, नाहीतर ग्राइंडर लागताच ती एकमेकांपासून सरकू लागतात.

टेबलाच्या रंगवलेल्या पत्र्यावर वेल्डिंग मशीनच्या अर्थिंगचा चिमटा लावू नये. रंग वीज अडवतो, आणि खरवडून लावला तरी प्रवाह बिजागऱ्या आणि सैल बोल्टांतून वाट काढतो, त्यामुळे ठिणगी धड पेटत नाही. चिमटा शक्यतो थेट कामावरच लावावा.

माथ्याच्या खाचा शिकंजे अडकवायला फार सोयीच्या असल्या, तरी त्यांतूनच तापलेला मळ आणि ठिणग्या खाली पडतात आणि खाली आपलेच पाय असतात. त्यासाठी टेबलांखाली वाळूचा थर असलेली पत्र्याची परात ठेवतो, पायांत चामड्याचे बूट घालतो आणि मशीन चालू करण्याआधी स्कूटर रस्त्यावर काढतो. ठोकाठोकी मात्र या टेबलांवर अजिबात करत नाही. त्यासाठी भंगारातून आणलेला दहा मिलिमीटर जाड प्लेटचा तुकडा जमिनीवर ठेवला आहे.

या बैठकीवर केलेले पहिले मोठे काम म्हणजे खिडकीची चार फूट बाय तीन फुटांची चौकट. अडीच मिलिमीटरच्या वेल्डिंग रॉडने चारही कोपऱ्यांना आधी नुसते टाके (छोटे तात्पुरते सांधे) मारले आणि दोन्ही कर्ण मोजले. ते पाच-पाच फूट भरल्यावरच समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने पूर्ण जोडले. सांधा थंड होताना आकसतो आणि चौकट आपल्या बाजूला ओढतो, म्हणून एकाच कोपऱ्यापासून सरळ जोडत जाणे टाळले. काम झाले की पाय घडी करून टेबले भिंतीला टेकवतो आणि पाइपांवर तेलाचा फडका फिरवतो, कारण पावसाळ्यात उघड्या लोखंडावर गंज चढायला वेळ लागत नाही.