तुम्ही विचारलंत म्हणून: पिकअपची काच मीच का बसवली

"वहिनी, ओतूरला गॅरेजं काय कमी होती का?" हा प्रश्न मला लग्नात, दशक्रियेला, बँकेच्या लायनीत, झेंडूचा भाव विचारायला आलेल्या माणसाकडून, सगळीकडून आलाय. बऱ्याचदा त्याला शेपूटही असतं, "आणि तुमचे हे काय करत होते मग?" हे क्रेट भरत होते. घ्या, एक उत्तर झालं. दुसरं आता एकदाच सविस्तर लिहिते, पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच वाचायला देणार.

सुरुवातीला मी सांगायचे, पैसे वाचवायला. लोकांना ते लगेच पटायचं, विषय संपायचा. पण काय वाचलं हो? नवी काच, कडेचं यू रबर, खालच्या पट्टीतलं रबर, वर पुण्याला नाना पेठेत जायचं डिझेल, सगळं धरलं तर गॅरेजच्या बिलाच्या आसपासच गेलं. इन्शुरन्सचं विचारू नका, 2009 ची बोलेरो पिकअप, तिला आम्ही थर्ड पार्टीच काढतो, त्यात आपल्या काचेला काही मिळत नाही. दुसरी थिअरी म्हणजे हिला दाखवून द्यायचं होतं. असेल थोडं. गाडी मी चालवते हे पचायलाच आमच्या भावकीला बरीच वर्षं लागली, त्यामुळे पान्याचं काय घेऊन बसलात.

खरी गोष्ट मालशेजची आहे.

डाव्या बाजूची मूळ काच क्रेट चढवताना दांडा लागून गेली होती, ती एका गॅरेजात बदलून घेतली. जुनी काच बसवणार म्हणाला, आम्ही हो म्हटलं, जुन्या गाडीला जुनी काच, त्यात काय. संध्याकाळी गाडी आणायला गेले तर काच वर जात होती, खाली येत होती, तो म्हणाला "झालं", मी पैसे दिले. आतून पॅडचं आवरण लावलेला दरवाजा बाहेरून काय सांगणार?

त्यानंतर श्रावणात कल्याणच्या फूल मार्केटला माल घेऊन निघालो. रात्रीचं निघायचं म्हणजे पहाटे गाडी लागते. आबा, म्हणजे माझे सासरे, बरोबर होते, कल्याणला लेकीकडे जायचं म्हणून हट्टाने बसले. त्यांना दमा. त्यांच्या बाजूची काच मी आधीच पूर्ण वर करून ठेवली होती. खुबी फाटा सोडला आणि धुकं असं की बॉनेटपुढचं दिसेना, घाटात कड्यावरचे धबधबे सरळ रस्त्यावर पडत होते. बोगद्याच्या पुढे एका खड्ड्यात डावं चाक गेलं आणि दरवाजाच्या आतून खर्रर्र असा आवाज आला, पोत्यातून हरभरा ओतावा तसा. बघते तर काच नाहीच. जागेवर नुसतं चौकोनी भोक आणि त्यातून आडवा पाऊस आत.

थांबायला जागा नव्हती, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, मागून ट्रकचे लाईट. आबांनी सीटखालचं खताचं रिकामं पोतं काढलं, दोन कोपरे हातात धरले, एक दरवाजाच्या फटीत कोंबला आणि तसेच बसले. मी म्हणते, आबा, ओढून घ्या, भिजताय तुम्ही. तर म्हणतात, "तू पुढं बघ. हवा लागतीय जरा, बरंय." वायपर, धुकं, वळण, आणि डोळ्याच्या कोपऱ्यात ते पोतं फडफडतंय. टोकावड्याला चहाच्या टपरीपाशी गाडी लावली तेव्हा त्यांची बोटं पोत्यावरून सुटेनात, टपरीवाल्याने एकेक करून सोडवली. मी पोत्यावर दोरी बांधली, चहा पाजला, आणि तसंच मुरबाडवरून कल्याण. फुलं वेळेत पोचली, भावही बरा मिळाला, ते का आठवतंय काय माहीत.

चार दिवसांनी आबांना ॲडमिट करायला लागलं. घरी आले, पण त्यानंतर पहिल्यासारखे शेतावर नाही जाऊ शकले. पावसामुळेच झालं का असं मी डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले दम्याचं असं एका गोष्टीवर बोट ठेवता येत नाही. बरोबर आहे त्यांचं. मला पटलेलं नाही, पण बरोबर आहे.

गॅरेजवाल्याशी भांडायला हे गेले होते. तो म्हणाला खड्ड्यात कोणाचीही काच जाते. मी गेले नाही. मी दरवाजा उघडला.

काच वर-खाली करायच्या हँडलच्या मागे स्प्रिंगची क्लिप असते ती फडकं घालून मागे-पुढे ओढलं की टुणकन उडते, स्क्रू काढले, पॅड उपसला. आत आधी प्लास्टिकचा पडदा असायला हवा, काचेवरून आत उतरणारं पाणी पॅडपर्यंत येऊ नये म्हणून, तो फाडून टाकलेला. तळाला काचेचे दाणे. आणि दाणे दोन रंगांचे! हिरवट झाक असलेले पहिल्या काचेचे, पांढरे दुसऱ्या काचेचे. म्हणजे पहिली काच फुटली तेव्हाचा कचरा त्याने काढलाच नव्हता, त्यावरच दुसरी सोडली होती. दरवाजाच्या तळाला पाणी जायला बारीक भोकं असतात, ती या दाण्यांनी बुजलेली, आत गंजलेलं पाणी साचलेलं. काच खालच्या ज्या लोखंडी पट्टीत बसते तिच्यात रबर म्हणून सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि वरून सिलिकॉन. ते ओलं झालं, ढिलं पडलं, खड्ड्यात काच निसटली आणि कड खाली आपटली. या काचेला पोटावर बुक्की मारली तर सहसा काही होत नाही, कडेला टोला बसला की सगळीच्या सगळी दाणे होते.

हे बघितल्यावर माझ्याच्याने गाडी परत कुठे देववेना. एवढंच आहे उत्तर. राग म्हणा, भीती म्हणा.

काच आणताना गावातल्या एकाने साधी पाच एमएमची कापून देतो म्हणाला, अर्ध्या पैशात. साधी काच फुटली तर सुऱ्यासारखे तुकडे होतात, माणसाच्या गळ्याशी असते ती. दरवाजाची काच सहाशे डिग्रीच्या वर तापवून हवेच्या झोताने एकदम गार केलेली असते, म्हणून तिचे दाणे होतात, आणि म्हणूनच ती नंतर कापताही येत नाही, कापायला गेलं की संपली. नाना पेठेत कोपऱ्यातला आयएस 2553 चा शिक्का बघून घेतली. दुकानदार काळसर देऊ का विचारत होता, म्हटलं साधीच द्या, बाजूच्या काचेतून निदान 50 टक्के उजेड पार व्हायला हवा असा नियम आहे आणि मला रात्री आरसाही दिसायला हवा.

बसवताना त्रास झाला तो पत्र्याचा. दरवाजाच्या आतल्या पत्र्याच्या कडा हात सोलतात, काच काही करत नाही. दाणे मॅग्नेटला लागत नाहीत, ब्लोअर, बोटं, शेवटी पाण्याचा पाईप लावला तेव्हा भोकं मोकळी झाली. रबराला ग्रीस नाही लावलं, रबर फुगतं त्याने, साबणाचं पाणी लावलं. काच पुढे तिरकी करून आत सोडायची, मग सरळ करायची, वर ओढून फ्रेमला चिकटपट्टीने टांगून ठेवायची आणि खालून, काच वर-खाली करणाऱ्या मशीनचा रोलर पट्टीत घालायचा. पडद्याच्या जागी आमच्या पॉलीहाऊसचा 200 मायक्रॉनचा उरलेला कागद लावलाय, कंपनीच्यापेक्षा जाड. हे टॉर्च धरून उभे होते, हेही लिहून ठेवते, उगाच त्यांना बोल नको.

आबा बाहेर बाजेवर बसून बघत होते. झाल्यावर त्यांनी हँडल एकदा फिरवून बघितलं आणि म्हणाले, "जड चाललीय." जड चालतेच, अजूनही.

आता यावरून दीर म्हणतो, वहिनी, माझ्या छोट्या हत्तीची पण बसवून द्या, तुम्हाला जमतंय. मी नाही म्हटलं, तो रुसलाय. रुसू दे. त्याच्या गाडीत डाव्या बाजूला त्याची पोरं बसतात.