दोन व्हॉल्यूममधला आठ मिनिटांचा फरक : आमच्या डीआरचा माझा अनुभव

मी चिपळूणच्या एका पतसंस्थेत कॉम्प्युटरचं सगळं बघतो. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा आमचा सर्व्हर तळमजल्यावर होता आणि बॅकअपच्या डिस्क त्याच खोलीतल्या कपाटात, म्हणजे दोन्ही एकदमच बुडालं. लोकांच्या ठेवींचा हिशोब स्लिपा आणि प्रिंट सुकवून परत उभा केला, ते दिवस मी विसरूच शकत नाही. मग सर्व्हर दुसऱ्या मजल्यावर गेला आणि पुण्यात दुसरा स्टोरेज ठेवायला संचालकांनी मंजुरी दिली. हाच आमचा डीआर, म्हणजे डिझास्टर रिकव्हरी: इथलं बुडालं तरी तिथल्या कॉपीवरून काम चालू करायची सोय.

पहिला प्रश्न, पुण्याला कॉपी कशी पाठवायची, सिंक्रोनस की असिंक्रोनस. सिंक्रोनसमध्ये पुण्याहून "लिहिलं" असं उत्तर आल्याशिवाय इथली एंट्री पूर्ण होत नाही. फायबरमधून 100 किलोमीटरला जाऊन-येऊन साधारण 1 मिलिसेकंद, तेवढं चाललं असतं हो, पण पावसात घाटात दरड आली आणि केबल तुटली तर काउंटरवरचं काम अडकणार. म्हणून असिंक्रोनस घेतलं, म्हणजे इथलं काम न अडता बदलांची खेप मागाहून जाते, दर 15 मिनिटांनी. मागची खेप पोचायच्या आत इथलं बंद पडलं तर वाईटात वाईट अर्ध्या तासाच्या एंट्र्या जातील, त्या स्लिपांवरून परत मारता येतात.

पहिली कॉपी 4 टीबीची आणि लाइन 50 एमबीपीएसची, हिशोब केला तर सलग साडेसात दिवस. म्हणून पुण्याचा बॉक्स आधी इथेच आणून भरला आणि मग टेम्पोत घालून कुंभार्ली घाटातून रवाना केला. पुढे लाइनवरून फक्त बदल जातात.

स्क्रीनवर सगळे व्हॉल्यूम, म्हणजे स्टोरेजचे वेगवेगळे कप्पे, हिरवे दिसत होते. पहिल्या ड्रिलला, म्हणजे सरावाला, पुण्याची कॉपी उघडायला घेतली तर डेटाबेस उघडेचना. सेटअप करून दिलेला इंजिनिअर फोनवर म्हणतो, "सर, सगळे व्हॉल्यूम सिंक दाखवतायत." मॅनेजर साहेब माझ्या मागेच उभे होते, म्हणाले, "अहो, मग खरंच पाणी आलं असतं तर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

रात्री टाइम बघत बसलो तेव्हा कळलं. डेटा फाइलचा व्हॉल्यूम 10:00 चा होता आणि लॉगचा (लॉग म्हणजे डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची नोंद) 9:52 चा, कारण प्रत्येक व्हॉल्यूमचं रेप्लिकेशन, म्हणजे कॉपी पाठवणं, आपापलं वेगळं चालू होतं. डेटाबेस आधी लॉगमध्ये लिहितो, मग डेटामध्ये, आणि इथे डेटा पुढे आणि लॉग मागे. त्या आठ मिनिटांत काय झालं हे लॉगमध्येच नाही, मग तो उघडणार कसा? एकेक व्हॉल्यूम बरोबर होता पण दोघांची वेळ जुळत नव्हती, आणि हे इन्स्टॉलेशनच्या वेळी आम्हाला कोणी सांगितलं नाही याचा मला आजही राग आहे.

उपाय म्हणजे कन्सिस्टन्सी ग्रुप. डेटा, लॉग आणि ॲप्लिकेशनचा व्हॉल्यूम एका ग्रुपमध्ये घातले की स्नॅपशॉट, म्हणजे त्या वेळची प्रत, तिघांचा एकाच क्षणाचा निघतो, एक अडकला तर तिघं थांबतात आणि पुण्यात शेवटची पूर्ण जुळलेली खेप शाबूत राहते. मला आधी वाटलं सगळेच व्हॉल्यूम एकात टाकावेत, पण मग केवायसीच्या स्कॅनचा मोठा व्हॉल्यूम रेंगाळला की खातेवहीपण त्याच्यामागे रेंगाळते. म्हणून स्कॅनचा ग्रुप वेगळा, तासाला एकदा. टेम्प डेटाबेस, म्हणजे तात्पुरत्या कामाचा, पाठवतच नाही, तो सुरू होताना नव्याने बनतो, फक्त पुण्यात त्याच नावाचा रिकामा व्हॉल्यूम ठेवावा लागतो, नाहीतर तिथे अडतं.

दुसऱ्या ड्रिलला आधी चिपळूणचं ॲप्लिकेशन बंद केलं, कारण दोन्हीकडे एकदम एंट्र्या झाल्या तर खरं कुठलं हेच कळणार नाही. शेवटची खेप पुण्यात पोचली, ग्रुप फेलओव्हर केला, म्हणजे काम पुण्याच्या कॉपीवर वळवलं, डेटाबेस उघडला, आणि साहेबांनी दिवसअखेरचा बॅलन्स दोन्हीकडचा शेजारी धरून पैशापर्यंत ताडून बघितला. जुळला. मला खरंच भरून आलं. मग उलट दिशेने सिंक लावून काम परत इथे आणलं.

एक राहिलंच, नवीन व्हॉल्यूम बनवला की तो आपोआप ग्रुपमध्ये जाईलच असं नाही, आमच्याकडे जात नाही. त्यामुळे "ग्रुपमध्ये घातला का?" अशी चिठ्ठी रॅकच्या दारावर चिकटवली आहे, आणि ड्रिल दरवर्षी मेच्या शेवटच्या रविवारी, मृग लागायच्या आत.