टाचेतला खिळा

तीन महिने झाले, सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ. ओट्यापर्यंत लंगडत जायचं, चहा उकळेस्तोवर पाय मोकळा. म्हणून दुखणं अंगावर काढलं. "हाड वाढलंय" हे निदान शेजारणीने केलेलं, तापल्या विटेवर रुईची पानं ठेवून शेकही झाला.

आज शेवटी हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. एक्स-रे नाहीच. त्यांनी टाचेच्या पुढे, आतल्या बाजूला अंगठा दाबला आणि मी किंचाळलेच! प्लांटर फॅसायटिस. टाचेपासून बोटांपर्यंतचा जाड पट्टा रात्री आखडतो, पहिल्या पावलाला ताणला जातो. वाढलेलं हाड म्हणे कित्येकांना असतं, दुखतही नाही.

इंजेक्शनचं नाव नाही. उठण्याआधी पायाची बोटं हाताने मागे ओढायची, भिंतीला टेकून पोटऱ्या ताणायच्या, बर्फाची बाटली तळव्याखाली फिरवायची. काही महिने धीर धरायचा. आणि फरशीवर अनवाणी अजिबात नाही.

घरात मऊ चप्पल घालून फिरतेय. सासूबाईंनी दोनदा पायांकडे पाहिलं, मग म्हणाल्या, "देवघराच्या उंबऱ्याशी तरी काढ गं."