वाडीतल्या शाळेसाठी इंग्रजीचं साहित्य निवडताना

आमची शाळा गुहागर तालुक्यात, समुद्राकाठच्या वाडीत आहे. जिल्हा परिषदेची, द्विशिक्षकी, पहिली ते चौथी. माझ्या खोलीत दोन इयत्ता एकत्र बसतात. पट तीसच्या आत, म्हणून समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून संयुक्त शाळा अनुदान मिळतं वर्षाला १०,००० रुपये. खडूपासून किरकोळ डागडुजीपर्यंत सगळं त्यातच बसवायचं.

मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं २००० साली, त्यामुळे विषय जुना आहे. वर्ग मात्र बदललाय. आंब्याच्या बागा राखायला आलेल्या नेपाळी कुटुंबांची मुलं आमच्याकडे येतात, तीही बऱ्याचदा वर्षाच्या मध्यावर. मोहल्ल्यातल्या मुलांची घरची बोली कोकणी, वाडीतल्यांची आणखी वेगळी. काही मुलांना आधी शाळेतली मराठीच शिकायची असते आणि त्याच वेळी इंग्रजीही. अशा वर्गासाठी साहित्य निवडायचं होतं.

शाळा व्यवस्थापन समितीत पालकांचा आग्रह एकच होता, ‘पोरां इंग्लिश बोलली पायजेत, बाई.’ मागणी अगदी रास्त आहे. त्यासाठी मोठा टीव्ही घ्यावा असं काहींचं म्हणणं पडलं. पण पावसाळ्यात आमच्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि मोबाइलला रेंज हवी तर टेपावर चढावं लागतं. बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड दीक्षा ॲपवर उघडतात. त्यातलं हवं ते मी रेंज असेल तिथे उतरवून ठेवते आणि छोट्या स्पीकरवर ऐकवते. तेवढं पुरतं, हे समितीलाही पटलं.

मग चिपळूणच्या दुकानात तयार चित्रकार्डं पाहिली. रंग छान, छपाई छान. पण पाकिटामागून पाकीट उघडलं तरी आत नावंच. फळं, प्राणी, वाहनं. त्यात इग्लू आणि झायलोफोन हमखास. अमेरिकेतल्या एडवर्ड डॉल्च यांनी १९३०च्या दशकात मुलांच्या पुस्तकांत सतत येणाऱ्या २२० शब्दांची यादी केली होती. त्या यादीत नामं नाहीतच, ती त्यांनी वेगळी काढली. द, इज, हिअर, गो, विथ असे हे शब्द. वाक्य उभं राहतं ते यांच्यावर, आणि यातल्या बहुतेकांचं चित्र काढता येत नाही. कार्डांची शंभर नावं पाठ झालेलं मूल एक साधं वाक्य बोलायला का अडतं, याचं उत्तर मला तिथे मिळालं.

म्हणून नावांच्या कार्डांऐवजी काहीतरी घडत असलेली चित्रं हवी, असं ठरवलं. तशी बाजारात फारशी सापडली नाहीत. आम्हीच फोटो काढले. सुकट वाळत घालणारी बाई, जाळं विणणारे आजोबा, आंबे उतरवणारा गडी, होडी ओढणारी माणसं. फोटो समोर धरला की एक मूल विचारतं, ‘व्हॉट इज शी डूइंग?’ आणि दुसरं उत्तर देतं. ‘शी इज ड्रायिंग फिश’ हे वाक्य वर्गातली सगळ्यात अबोल मुलगी आपणहून बोलली, कारण तिच्या अंगणात रोज तेच चालतं. फोटो छापून लॅमिनेट केले, कारण खाऱ्या दमट हवेत साधा तक्ता श्रावणापर्यंत फुगतो आणि त्याला बुरशी धरते. लॅमिनेशनवरचा खर्च वायफळ वाटू देऊ नका.

वाचनासाठी भिंतीवरचा ए ते झेडचा तक्ता ठेवला, पण शिकवायला त्याचा क्रम घेतला नाही. ध्वनींपासून वाचन शिकवण्याच्या जॉली फोनिक्स पद्धतीत एस, ए, टी, आय, पी, एन ही अक्षरं आधी येतात. एवढ्याच अक्षरांत सिट, पिन, टॅप, नॅप असे शब्द तयार होतात, म्हणजे मूल लगेच काहीतरी वाचतं. त्यांची महाग पेटी आम्ही घेतली नाही. पुठ्ठ्याची अक्षरं कापली.

सगळ्यात जास्त वेळ गेला गोष्टींवर, आणि जाऊ द्यावा. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर एकच गोष्ट अनेक भाषांत मिळते आणि परवाना खुला असल्याने छापताही येते. पहिल्या पातळीच्या काही गोष्टी मी इंग्रजी, मराठी आणि नेपाळीत शोधून छापल्या. नेपाळीची लिपीही देवनागरीच, त्यामुळे मलाही ती अडखळत वाचता येते. पण एका मुलाची आई शाळेत येऊन वाचू लागली तेव्हा वर्ग तिच्याभोवती गोळा झाला. गोष्ट आधी कळलेली असली की इंग्रजी पान समोर आल्यावर मूल घाबरत नाही, अंदाज बांधत पुढे जातं. घरची भाषा वर्गात आली तर इंग्रजी मागे पडेल, असं काही सहकाऱ्यांना वाटतं. मला ते अजिबात पटत नाही.

विकत घ्यायच्या प्रत्येक गोष्टीचा आधी एकच नमुना आणला आणि मराठी सर्वांत कमी येणाऱ्या मुलांपुढे ठेवला. समजावून सांगायला मलाच बोलत राहावं लागलं तर ती वस्तू परत. मुलं आपसात बोलू लागली तर घ्यायची. एक सुंदर बोर्डगेम यात बाद झाला, कारण त्याचे नियमच कुणाला कळेनात. दोरीवर टांगायची बाहुली मात्र लगेच पास झाली. माझ्याशी न बोलणारी मुलं तिच्याशी बोलतात.

अजून अडतंय ते चौथीत पहिल्यांदा इंग्रजी भेटणाऱ्या मुलांपाशी. भाषा पहिलीची लागते, पण बदकाच्या पिल्लांची चित्रं पाहून नऊ वर्षांच्या मुलाला लाज वाटते आणि तो पुस्तक मिटतो. त्यांच्यासाठी होड्या, वादळं, कासवं, फुटबॉल अशा विषयांवरची, पानावर एकदोनच वाक्यं असलेली माहितीपर पुस्तकं मी बाजूला काढते आहे. आमच्याच किनाऱ्यावर घरटी करणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांच्या फोटोंना इंग्रजी ओळी आता चौथीची मुलंच लिहिताहेत. त्या तपासून झाल्या की या वर्षीच्या अनुदानातून पहिली छपाई त्याचीच.