चेनचा दुसरा रनर

पोल-बुकात, म्हणजे केंद्रावर मत दिलेल्यांच्या नोंदवहीत, आकडा होता ४४७. म्हणजे त्या कॅनव्हासच्या पिशवीत ४४७ मतपत्रिका असणार, आणि माझी खात्री आहे की होत्याच. डिसेंबर २०१८ च्या फेरमोजणीत ती पिशवी माझ्यासमोर टेबलावर तासभर पडून होती, पण ती उघडली गेली नाही. शाळा मंडळाची एक जागा शेवटी चिठ्ठीवर गेली ती या पिशवीला डोळ्यांसमोर ठेवून. इतकी वर्षं झाली तरी मी त्या दुपारचा हिशेब पुन्हा पुन्हा मांडते.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एका काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, क्लर्कच्या कार्यालयात, निवडणूक विभागात माझं काम. क्लर्क म्हणजे इथे कारकून नव्हे, निवडणुकीचं काम पाहणारा अधिकारी. इथे भारतासारखा एकच निवडणूक आयोग सगळं चालवत नाही. राज्यात ८३ काउंट्या आणि त्यांच्या खाली शहरांचे व टाउनशिपांचे मिळून पंधराशेहून जास्त क्लर्क. प्रत्यक्ष मतदान घेतात ते हे खालचे क्लर्क. निकालाची तपासणी आणि फेरमोजणी काउंटीत होते. काउंटी क्लर्क स्वतःच पक्षाच्या तिकिटावर निवडून येतो, म्हणून निकालावर शिक्कामोर्तब करायचं काम चार जणांच्या कॅनव्हासर मंडळाकडे असतं : दोन डेमोक्रॅट, दोन रिपब्लिकन. मतदान केंद्रावरही दोन्ही पक्षांची माणसं लागतात आणि मतपत्रिकांची पिशवी बंद करताना दोन्हीकडच्या एकेकाची सही लागते. एकाच कागदावर दोन विरोधकांची नजर असावी, या कल्पनेवर सगळा डोलारा उभा आहे. मला ही कल्पना मनापासून पटते.

६ नोव्हेंबर २०१८ ची मतपत्रिका दोन्ही बाजूंनी छापलेली होती. सगळ्यात वर गव्हर्नरपद, जे त्या वर्षी ग्रेचेन व्हिटमर यांनी जिंकलं. मग राज्याचे सेक्रेटरी ऑफ स्टेट आणि ॲटर्नी जनरल, अमेरिकेच्या सिनेटची जागा, काँग्रेसची (देशाच्या संसदेच्या खालच्या सभागृहाची) जागा, राज्याचं सिनेट, राज्याचं हाउस (राज्याचं खालचं सभागृह), तीन विद्यापीठांची नियामक मंडळं, काउंटी कमिशनर, न्यायाधीश, आणि सर्वांत शेवटी शाळा मंडळ. शिवाय राज्यव्यापी तीन प्रस्ताव. अध्यक्षीय निवडणुकीच्या वर्षी तर सांडपाण्याचे चर सांभाळणारा ड्रेन कमिशनरही याच कागदावर निवडला जातो. ईव्हीएमवर एक बटण दाबून बाहेर पडणाऱ्या आपल्या माणसाला हे सांगितलं की तो विचारतो, इतक्या लोकांची माहिती ठेवतं कोण? खरं उत्तर असं की फार थोडे ठेवतात. वरची पदं भरून मागची बाजू कोरी सोडलेल्या मतपत्रिका प्रत्येक निवडणुकीत गठ्ठ्यांनी येतात.

उमेदवारीची अटही पदागणिक उतरत जाते. पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत (जिथे पक्षाचा उमेदवार मतदारच ठरवतात) गव्हर्नरपदासाठी उभं राहायचं तर मतदारांच्या किमान १५,००० सह्या, काँग्रेससाठी १,०००, राज्याच्या हाउससाठी २००. शाळा मंडळासाठी दहा हजारांवर वस्तीच्या शाळा-जिल्ह्यात ४० सह्या पुरतात, नाहीतर शंभर डॉलर भरायचे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बेळगावचे श्री ठाणेदार गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणुकीत उतरले आणि तिसरे आले. पुढे २०२० मध्ये ते राज्याच्या हाउसवर आणि २०२२ मध्ये डेट्रॉइटमधून काँग्रेसवर निवडून गेले. त्या ऑगस्टमध्ये मला ओळखीच्या मराठी घरांतून निकाल विचारणारे फोन येत होते. नोव्हेंबरच्या शाळा मंडळाबद्दल एकानेही विचारलं नाही, आणि त्यांची मुलं त्याच शाळांत जातात.

ही बेफिकिरी मला खुपते. १९९४ च्या ‘प्रपोझल ए’ या शाळा-निधीच्या प्रस्तावानंतर मिशिगनमध्ये शाळा चालवायचा पैसा मुख्यतः राज्याकडून, विद्यार्थ्यांच्या संख्येप्रमाणे येतो. काही विशिष्ट कामांसाठी वॉशिंग्टनचा निधी असतो. पण मुलं कमी झाली की कोणती इमारत बंद करायची, बस कुठवर न्यायची, अधीक्षक कोणाला नेमायचं, हे सात जणांचं स्थानिक मंडळ ठरवतं. या शाळा-जिल्ह्यात एक प्राथमिक शाळा बंद करायची की नाही, यावर ती निवडणूक लढली गेली. जागा दोन होत्या. पहिलीचा निकाल स्पष्ट लागला. दुसरीवर विद्यमान सदस्याला १,९१४ मतं आणि शाळा वाचवायला उभ्या राहिलेल्या नव्या उमेदवार बाईंना १,९१३.

कॅनव्हासर मंडळाने निकाल प्रमाणित केल्यावर फेरमोजणीचा अर्ज करायला तेव्हा सहा दिवस मिळत. फरक इतका कमी असला की अनामत केंद्रामागे २५ डॉलर होती. सहा केंद्रं आणि टपाली मतांचे दोन गट, असे बाईंनी २०० डॉलर भरले.

फेरमोजणी म्हणजे मतं परत मोजणं, असं लोक धरून चालतात. पहिला अर्धा दिवस मताकडे कोणी बघतसुद्धा नाही. आधी पिशवी टेबलावर येते. सीलचा नंबर मोठ्याने वाचायचा, पोल-बुकातल्या नंबराशी ताडायचा, पिशवीबरोबरच्या दाखल्यावरच्या नंबराशी ताडायचा. मग पिशवी अशी बंद आहे ना, की सील तोडल्याशिवाय आत काही घालता किंवा बाहेर काढता येणार नाही, ते हाताने तपासायचं. हे सगळं जुळलं तरच सील तोडायचं. मतपत्रिका काढून पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे करायचे, नुसत्या संख्येसाठी. ती संख्या पोल-बुकातल्या संख्येला मिळाली पाहिजे. नाही मिळाली आणि फरकाचा खुलासा मंडळाला पटला नाही, तर तेव्हाच्या नियमाप्रमाणे ते केंद्र तिथेच थांबायचं आणि मतपत्रिका वाचून मोजणाऱ्या यंत्राचा मूळ आकडा कायम राहायचा.

संख्या का चुकते, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला तोंडपाठ असतं. मतदार मतपत्रिका घेऊन तसाच घरी जातो. खराब झालेली मतपत्रिका तिच्या पाकिटात न जाता पिशवीत पडते. यंत्रात कागद अडकतो तेव्हा मतपत्रिका खालच्या वेगळ्या कप्प्यात टाकतात, आणि रात्री तो कप्पा रिकामा करायचा राहतो. २०१६ च्या अध्यक्षीय फेरमोजणीत डेट्रॉइटच्या एका केंद्राच्या पोल-बुकात ३०६ मतदार होते आणि सीलबंद पेटीत निघाल्या ५० मतपत्रिका. राज्याच्या तपासणीत उरलेल्या यंत्राखालच्या कप्प्यातच सापडल्या. मतं कोणी चोरली नव्हती, पण बातमी वाचणाऱ्याच्या मनात चोरीच बसली.

आमची पहिली पाच केंद्रं चोख निघाली. संख्या जुळली, मतं जुळली, एकाचाही फरक नाही. केंद्रात मतदार स्वतः यंत्रासमोर उभा असतो. एका पदाला जादा खुणा झाल्या तर यंत्र कागद परत देतं आणि त्याला नवी मतपत्रिका मागता येते. टपाली मतांचं तसं नाही. ती घरी, हाती येईल त्या पेनाने भरलेली असतात आणि यंत्रात घालताना विचारायला मतदार नसतो. म्हणून फेरमोजणीत हलतात ती बहुधा टपाली मतं.

तशी दोन निघाली. पहिल्या मतपत्रिकेवर बाईंच्या नावापुढच्या लंबगोलात फिकट निळी बारीक बरोबरची खूण होती. यंत्राला ती दिसली नव्हती. पण खूण लंबगोलाच्या आत होती, म्हणजे मत वैध. विद्यमान सदस्याच्या प्रतिनिधीने हरकत घेतली, मतपत्रिका मंडळापुढे गेली, चौघांनीही मान्य केली. १,९१४–१,९१४.

दुसरी मतपत्रिका मला अजून दिसते. त्या मतदाराने गव्हर्नरपासून खालपर्यंत प्रत्येक पदाला, लंबगोल कोरे ठेवून, उमेदवाराच्या नावाभोवतीच पेनाने व्यवस्थित वर्तुळ काढलं होतं. कागदाच्या मागच्या बाजूला शाळा मंडळापर्यंत. तिथे वर्तुळ बाईंच्या नावाभोवती होतं. त्याला काय म्हणायचं होतं, याबद्दल खोलीत कोणालाच शंका नव्हती. पण मिशिगनचा कायदा स्पष्ट आहे : नेमून दिलेल्या जागेतली खूण तेवढीच मत. आमच्या चौघांनी नियमाला धरून ती नाकारली, आणि नियम असाच असावा असं माझं मत आहे. मतदाराच्या मनातलं ओळखायची मुभा मोजणाऱ्याला दिली की प्रत्येक टेबलावर वेगळा कायदा चालू होतो. व्हर्जिनिया राज्यात त्याच्या वर्षभर आधी हेच झालं होतं. तिथल्या हाउस ऑफ डेलिगेट्सच्या (राज्याच्या खालच्या सभागृहाच्या) ९४ व्या मतदारसंघात फेरमोजणीत शेली सिमन्ड्स एका मताने पुढे गेल्या. दुसऱ्या दिवशी तीन न्यायाधीशांनी दोन्ही लंबगोल भरलेली, पण सिमन्ड्स यांच्यापुढच्या खुणेवर रेघ मारलेली एक मतपत्रिका डेव्हिड यॅन्सी यांच्या खात्यात धरली आणि ११,६०८–११,६०८ अशी बरोबरी झाली. ४ जानेवारी २०१८ रोजी मातीच्या वाडग्यातून उमेदवाराचं नाव घातलेली फिल्मची डबी काढून यॅन्सी विजयी ठरले आणि सभागृह ५१–४९ ने रिपब्लिकनांकडे राहिलं. सिमन्ड्स यांनी २०१९ मध्ये ती जागा जिंकली.

सहावं केंद्र उरलं होतं. बंद होऊ घातलेल्या शाळेच्या शेजारचं, जिथे बाईंना सगळ्यात जास्त मतं होती. सीलचा नंबर पोल-बुकाशी जुळला. दाखल्याशी जुळला. सील अखंड. या पिशव्यांच्या चेनला दोन रनर असतात, मध्यावर येऊन भिडणारे. सील दोन्ही रनरांच्या भोकांतून ओवायचं, मग एकही हलत नाही. या पिशवीचं सील एका रनरमधून आणि पिशवीच्या कडीतून ओवलं होतं. मंडळाच्या एका सदस्याने दुसरा रनर चिमटीत धरला. तो दोन बोटं सरकला आणि त्यांनी हात काढून घेतला. आत कागदांच्या कडा दिसत होत्या.

त्यानंतर तास गेला तो कायदा वाचण्यात आणि खालच्या क्लर्कला फोन करण्यात. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे पिशवी सील न तोडता उघडता येत असेल तर त्या केंद्राची फेरमोजणी नाही. मंडळाचा निर्णय ४–० झाला. बाई इतकंच म्हणाल्या, “निदान मोजून तरी बघा, धरू नका.” त्यालाही परवानगी नव्हती.

नियमामागचं कारण मला समजतं. पिशवी उघडी राहिली असेल तर आतल्या कागदांपेक्षा मतदानाच्या रात्रीची यंत्राची छापील टेप जास्त विश्वासाची. पण मग एकाच जागेसाठी सात गटांची मतं माणसाच्या डोळ्यांनी तपासलेली आणि आठव्याची यंत्राने वाचली तशी, अशी बेरीज होते. फरक शंभर मतांचा असता तर चाललं असतं. बरोबरीत नाही चालत.

त्या पिशवीवर दोन सह्या होत्या, डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन. दोघंही पहाटे सहाच्या आधी केंद्रावर आलेले, मतदान सात ते आठ, आणि रात्री साडेनऊच्या सुमाराला त्यांनी ते सील ओवलं. पिशवी स्वीकारणाऱ्यांनीही नंबर पाहिला, रनर पाहिला नाही. दोष मी त्यांना देत नाही. दोष प्रशिक्षणाचा आहे. दोन तासांच्या वर्गात पडद्यावर कलमं दाखवायची आणि पिशवी कोणाच्या हातात द्यायची नाही, ही पद्धत वर्षानुवर्षं चालत आली. त्या डिसेंबरनंतर मी वर्गात पिशव्याच घेऊन जाते. प्रत्येकाने सील ओवायचं आणि शेजाऱ्याने ते न तोडता पिशवी उघडून दाखवायची. पहिल्या फेरीत पुष्कळ पिशव्या उघडतात.

बरोबरी झाली की मिशिगनमध्ये काय करायचं, तेही कायद्यात लिहिलं आहे. सारख्या मापाचे दोन कागद, एकावर ‘निवडून आले’, दुसऱ्यावर ‘निवडून आले नाहीत’. सारख्याच घड्या, एक पेटी, आणि उमेदवारांनी स्वतः उचलायचं. मराठीत याला ईश्वरचिठ्ठी हा शब्द तयारच आहे. २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये अतुल शहा आणि सुरेंद्र बागलकर यांना प्रत्येकी ५,९४६ मतं पडली आणि शहांची चिठ्ठी निघाली. आमच्याकडे चिठ्ठीला ईश्वर जोडलेला नाही, पण पद्धत तीच.

कागद मीच कापले. घडी घातल्यावर शाई मागून दिसते का, म्हणून खिडकीशी धरून पाहिले. पहिली जोडी टाकून जाड कागदाची दुसरी केली. पेटी क्लर्कनी धरली. बाईंनी आधी हात घातला, कागद उलगडला, वाचला आणि क्लर्कच्या हातात दिला. ‘निवडून आले नाहीत.’ विद्यमान सदस्याने आपली चिठ्ठी उघडायच्या आधी त्यांच्याशी हात मिळवला. सगळं मिळून चार मिनिटं लागली.

त्या मतपत्रिकेवर सिनेटची आणि काँग्रेसची जागा असल्याने केंद्र सरकारच्या कायद्याप्रमाणे कागद २२ महिने जपावे लागतात. पिशवी खालच्या क्लर्ककडे परत गेली, नवं सील दोन्ही रनरांतून ओवून. सप्टेंबर २०२० मध्ये तिथून फोन आला : नोव्हेंबरसाठी पिशव्या कमी पडताहेत, २०१८ च्या रिकाम्या करू का? मी तारीख मोजली, त्या जिल्ह्याचा कुठलाही खटला बाकी नाही ना ते पाहिलं आणि ‘हो’ असं लेखी कळवलं. ४४७ मतपत्रिका न मोजता यंत्रात कापल्या गेल्या.