दोरीच्या या बाजूला

मार्च आला की आमच्या ग्रुपवर एकच विषय, कासवाची पिल्लं समुद्रात जाताना बघायला कोकणातल्या वेळास गावी कधी जायचं. यंदाही रात्रीच कोथरूडहून निघालो, ताम्हिणी उतरलो, माणगाव, मंडणगड करत पहाटे गावात. माझी तिसरी वेळ. पण किनाऱ्यावर बघ्यांना थोपवायला बांधलेल्या दोरीजवळ उभं राहायला माणसं कमी होती म्हणून तिथल्या कासवमित्र, म्हणजे कासवांची अंडी राखणाऱ्या, काकांनी विचारलं, ताई थांबता का, आणि मी दोन दिवस तिथेच थांबले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभरच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते, परत बघायलाही येत नाही. पूर्वी ही अंडी माणसंच उकरून न्यायची, राहिलेली कुत्री-कोल्हे. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावाला सोबत घेऊन हे थांबवलं. आता कासवमित्र पहाटे किनारा चालून मादीचा माग शोधतात, अंडी काढतात आणि कुंपणाच्या आत तसाच खड्डा करून पुन्हा पुरतात. अंडं जसं आहे तसंच उचलायचं, फिरवायचं नाही, नाहीतर आतला जीव जातो. हे सांगताना काका रिकाम्या हातात अंडं धरल्यासारखे इतके अलगद वळले की बघणारी सगळी माणसं गप्प झाली.

मग साधारण दीड-दोन महिने वाट बघायची. घरट्यावर टोपली पालथी घातलेली असते, सकाळ-संध्याकाळ ती उचलून बघतात.

शनिवारी सकाळी टोपल्या उचलल्या, सगळ्या रिकाम्या. पुण्याहूनच आलेल्या एका कुटुंबातले बाबा वैतागले, एवढ्या लांबून आलो आणि काहीच नाही का. मला त्यांचा राग नाही आला, लहान मुलीला घेऊन रात्रभर गाडी चालवली होती त्यांनी. पण पिल्लं वाळूखाली आपल्या वेळेने वर सरकत असतात, आपल्या सुट्टीचं त्यांना काय. संध्याकाळी परत या म्हटलं, आले.

आणि संध्याकाळी टोपली उचलली तर खाली सात पिल्लं! काळपट, तळहातापेक्षा लहान, डोळ्यांवर वाळू चिकटलेली. पाण्यापासून थोडं लांब वाळूवर सोडली, स्वतःच्या पायांनी चालत जायला हवं म्हणून. दोन पावलं चालायची, थांबायची, मान वर करायची, परत चालायची. तेवढ्यात मागून कोणीतरी मोबाईलचा टॉर्च लावला आणि सगळ्यात कडेचं पिल्लू चक्क वळलं, समुद्राकडे पाठ करून आमच्या पायांकडे यायला लागलं. पिल्लं उजेडाकडे जातात, मोकळ्या किनाऱ्यावर सगळ्यात उजळ समुद्राचीच बाजू असते म्हणून त्यांना वाट कळते. मी जोरात ओरडले, बंद करा! काकांनी त्याला हळूच उचलून परत वळवलं. ती छोटी मुलगी माझा कुर्ता धरून विचारत होती, ताई ते हरवलं का, आणि लाट येऊन त्याला घेऊन जाईपर्यंत तिने कुर्ता सोडला नाही.

काहीजण म्हणतात पर्यटकांना आणूच नका. मला ते पटत नाही. गावातल्या घरांमध्ये आपण राहतो, जेवतो, त्याचे पैसे गावात राहतात, म्हणूनही अंडी सुरक्षित राहतात. पण दोरीच्या पुढे पाऊल नाही, उजेड नाही, पिल्लाला हात नाही, यात कुणालाही सूट नको, मग तो कितीही लांबून आलेला असो.

रविवारी निघायच्या आधी परत किनाऱ्यावर गेले. भरतीने रात्रीचे सगळे माग पुसून टाकले होते. काका एका घरट्यातली फुटकी टरफलं वाळूवर मांडून मोजत बसले होते, मीही शेजारी बसले आणि वहीत आकडे लिहून घेतले.