सांदण दरी: साम्रदच्या वाटाड्यांबरोबर डेहण्यापर्यंत

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या जलाशयापलीकडे आणि रतनगडाच्या पायथ्याला साम्रद हे लहानसे गाव आहे. गावाबाहेरचे माळरान ओलांडून पंधरा-वीस मिनिटे चालले की सपाट जमीन एकाएकी चिरत जाते आणि त्या चिरेतून सांदण दरी सुरू होते. दरीची लांबी सुमारे 2 किलोमीटर असून दोन्ही बाजूंचे कातळ साधारण 200 ते 400 फूट उंच आहेत. काही ठिकाणी रुंदी इतकी कमी आहे, की दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना तळवे टेकतात. हा सारा प्रदेश सह्याद्रीच्या ऐन धारेवर असल्यामुळे येथील पाण्याचा हिशोबही निराळा आहे. रतनगडावर उगम पावणारी प्रवरा पूर्वेकडे वळून गोदावरीला मिळते आणि बंगालच्या उपसागराकडे जाते, तर तिच्यापासून हाकेच्या अंतरावर पडलेला पाऊस सांदणच्या घळीत शिरून थेट कोकणात कोसळतो. पावसाळ्यात ही दरी म्हणजे खरोखरच एक नदी असते. कोरड्या ऋतूत आपण त्या नदीच्या पात्रातून चालत असतो, आणि हे शेवटपर्यंत विसरायचे नसते.

सांदणविषयी लिहिताना 'आशियातील दुसऱ्या क्रमांकाची खोल दरी' असे विशेषण लावण्याची प्रथा पडली आहे. ज्या खंडात हिमालयातील नद्यांनी हजारो मीटर खोल दऱ्या कोरल्या आहेत, तेथे या दाव्यात काहीही तथ्य नाही, आणि सांदणला त्याची गरजही नाही. तिचे वैशिष्ट्य खोलीपेक्षा अरुंदपणात आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून थरावर थर साचत गेलेल्या बेसाल्टमध्ये उभ्या भेगा असतात. अशा भेगेत पाणी शिरले की ते बाजूंपेक्षा तळ अधिक वेगाने कापत जाते. घळीत उभे राहून वर पाहिले तर हे थर आडव्या पट्ट्यांसारखे स्पष्ट दिसतात आणि समोरासमोरच्या भिंतींवर ते बरेचसे जुळतातही. तळापर्यंत ऊन पोहोचते ते केवळ दुपारच्या सुमारास, थोडा वेळ. उरलेला दिवस येथे सावलीचाच असतो.

या दरीत उतरण्याचे तीन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात पाण्याचे डोह पार करून पहिल्या मोठ्या कड्यापर्यंत जायचे आणि आल्या वाटेने परतायचे. यासाठी अर्धा दिवस पुरतो आणि दोराची गरज पडत नाही. दुसऱ्या प्रकारात कडे दोराने उतरून, दरीच्या शेवटी वळसा घालून करोली घाटाने पुन्हा साम्रदला चढून यायचे. तिसऱ्या प्रकारात परत न फिरता खाली कोकणात, ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील डेहणे गावी उतरायचे. आम्ही तिसरा प्रकार निवडला. एकदा पहिला कडा उतरून दोर ओढून घेतला, की मागे फिरण्याची वाट बंद होते; त्यामुळे पहिला आणि बाकीचे दोन यांतील फरक केवळ अंतराचा नाही, हे निवड करतानाच लक्षात घ्यावे.

वाटाडे साम्रदचेच होते. या भागात महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती आहे, आणि घळीतल्या वाटा त्यांना गुरांमागे व मधामागे फिरताना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. आता त्यात दोराच्या तंत्राची भर पडली आहे. आमच्याबरोबर एक वयस्क मामा होते आणि त्यांच्या नात्यातील दोन तरुण. तरुणांकडे दोर, हार्नेस (कमरेला व मांड्यांना बांधायचे पट्टे) आणि हेल्मेट होती; मामांकडे एक काठी आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून टोपीखाली ठेवलेली काडेपेटी. कामाची वाटणी ठरलेली होती: कोठे कसे उतरायचे हे तरुण सांगत, पण निघायचे केव्हा, थांबायचे किती आणि पुढे जायचे की नाही, याचा निर्णय मामांचा. सांदणमध्ये रस्ता चुकण्याचा प्रश्नच नसतो, कारण दोन भिंतींमध्ये एकच रस्ता असतो. म्हणूनच अनेकांना वाटाड्या अनावश्यक वाटतो. परंतु येथे वाटाड्या घ्यायचा तो वाटेसाठी नव्हे, वेळेसाठी. अंधार पडण्यापूर्वी शेवटचा कडा सर्वांनी उतरलेला असला पाहिजे, हे एकच गणित मामा सकाळपासून मांडत होते आणि आमच्यातील प्रत्येकाची चाल पाहून ते दर तासाला दुरुस्त करत होते.

दरीच्या तोंडाशी झऱ्यावर बाटल्या भरून आम्ही सकाळी लवकर आत शिरलो. सुरुवातीपासूनच तळ धोंडींनी भरलेला आहे. काही मुठीएवढ्या तर काही खोलीएवढ्या असलेल्या या धोंडींवरून चालण्याची एक पद्धत आहे आणि ती मामांनी पहिल्या शंभर पावलांतच शिकवली: पाय धोंडीच्या कडेवर नव्हे तर माथ्यावर, पूर्ण तळवा टेकवून, वजन टाकण्यापूर्वी एक हलका दाब देऊन ती डगमगते का ते पाहणे, आणि दोन धोंडींमधील फटीत पाऊल कधीही न घालणे. कोरडा कातळ करडा दिसतो आणि त्यावर बूट घट्ट बसतो. काळसर, किंचित चमकणारा कातळ म्हणजे वाळलेले शेवाळ, आणि त्यावर थोडासा ओलावा असला तरी पाय सरकतो. रंगावरून पाऊल ठरवण्याची ही सवय एकदा जडली की वेग आपोआप वाढतो. उड्या मारत पुढे जाणाऱ्या एका सोबत्याला मामांनी शांतपणे सांगितले, "भाऊ, उडी मारली की पाय कुठं पडंल ते दगड ठरवतो, आपण न्हाई."

थोड्याच अंतरावर पहिला डोह लागतो. पाण्याची पातळी ऋतूनुसार बदलत जाते. पावसाळा संपल्यावरच्या महिन्यांत ती अधिक असते आणि उन्हाळ्याकडे उतरत जाते. पहिल्या डोहाला बहुधा कडेच्या कातळाचा आधार घेत बगल देता येते. दुसऱ्यात मात्र उतरावेच लागते. आम्ही गेलो तेव्हा पाणी कमरेच्या वर होते, आणि ऊन न पोहोचणाऱ्या पाण्याचा गारठा काय असतो, ते पहिल्या दोन पावलांतच कळले. मामा पुढे राहून काठीने तळ चाचपत होते. काठी टेकल्यावर येणाऱ्या आवाजावरून खाली कातळ आहे की सुटे दगड, हे त्यांना समजत होते, आणि त्यानुसार ते डावीकडे किंवा उजवीकडे सरकण्याची खूण करत. पाठपिशव्या डोक्यावर धरून चालण्यापेक्षा हातोहात पुढे देण्याची पद्धत अधिक चांगली, कारण डोक्यावर ओझे असलेला माणूस घसरला तर सावरण्यासाठी त्याचा एकही हात मोकळा नसतो. ज्यांना पोहता येत नाही त्यांनी ते आधीच, संकोच न करता सांगावे. अशांच्या मागे-पुढे एकेक वाटाड्या राहतो आणि पाणी अधिक असेल तर दोरही लावला जातो.

डोहानंतर दरी आणखी खोल आणि उताराची होत जाते, आणि मग पहिला मोठा कडा येतो. त्याची उंची सुमारे 45 फूट आहे. पुढे आणखी दोन लहान कडे आहेत. दोर अडकवण्यासाठी मेखांचे अँकर कातळात ठोकलेले आहेत, तरीही तरुणांनी प्रत्येक मेख हलवून, दाबून आणि त्यात कॅराबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी) अडकवून स्वतःचे वजन टाकून पाहिली, आणि एका मेखेवर विसंबून न राहता दोन मेखांवर भार विभागला. आधी कोण दोर बांधून गेला होता, याच्याशी त्यांना देणेघेणे नव्हते. उतरणाऱ्यासाठी मुख्य दोर आणि त्याशिवाय वरून सोडत जाणारा सुरक्षा दोर, अशी दुहेरी व्यवस्था होती. आपल्या गटाकडे दुसरा दोर नसेल, तर तो कडा उतरू नये; या बाबतीत तडजोडीला जागा नाही.

रॅपलिंग, म्हणजे दोराच्या आधाराने कडा उतरणे, प्रथमच करणाऱ्यांना अवघड जाते ते पहिले पाऊल. कड्याच्या कडेवर पाठमोरे उभे राहून शरीर मागे झोकायचे असते आणि मन नेमके उलट सांगत असते. पाय खांद्याइतके फाकवून, तळवे भिंतीवर सपाट ठेवून मागे रेलले, की बूट घट्ट धरतात. भीतीने भिंतीला बिलगले, की तेच बूट सुटतात आणि गुडघे सोलवटतात. ब्रेकचा, म्हणजे दोर आवळून वेग रोखणारा, हात कमरेच्या खाली ठेवायचा आणि तो कोणत्याही कारणाने सोडायचा नाही, ही सूचना वरच्या तरुणाने प्रत्येकाकडून मोठ्याने म्हणवून घेतली. मोकळे केस, ओढणी, गळ्यातील कॅमेऱ्याचा पट्टा हे सारे डिसेंडरमध्ये, म्हणजे दोरावरचा वेग रोखणाऱ्या उपकरणात, अडकू शकते. ते आधीच आत खोचावे. खाली उतरलेल्याने दोरातून सुटताच कड्याच्या पायथ्यापासून दूर व्हावे, कारण वरच्याच्या पायाने सुटलेला मुठीएवढा दगडही 45 फुटांवरून येताना पुरेसा असतो. हेल्मेट येथे केवळ उतरण्यापुरते नाही, खाली वाट पाहतानाही डोक्यावर हवे.

या कड्यावरच सांदणचा खरा प्रश्न उभा राहतो, आणि तो गर्दीचा आहे. एका व्यक्तीला उतरायला साधारण पाच ते दहा मिनिटे लागतात. पुढे तीस-चाळीस जणांचा एक गट असला तर आपली पाळी येण्यापूर्वीच दुपार टळलेली असते, आणि शनिवार-रविवारी असे अनेक गट एकामागून एक येतात. मग उशीर भरून काढण्यासाठी घाई होते, सुरक्षा दोर गाळला जातो, आणि उरलेल्या धोंडी विजेरीच्या प्रकाशात ओलांडाव्या लागतात. आमच्या मागून आलेल्या एका मोठ्या गटाच्या आयोजकाकडे एवढ्या माणसांसाठी एकच दोर होता. मामांनी त्याला, येथूनच माघारी फिरा, असे सुचवले. त्याने ते मानले नाही. गट लहान असावा, दहा-बारापेक्षा मोठा नसावा, आणि शक्य असल्यास आठवड्याच्या मधल्या दिवशी जावे, हा या साऱ्या मजकुरातील सर्वांत उपयुक्त सल्ला आहे असे मला वाटते.

कडे संपल्यावर दरी हळूहळू रुंदावते आणि आकाश परत मिळते. डोक्यावर बाणाचा सुळका दिसू लागतो. हा टप्पा नकाशावर क्षुल्लक वाटतो, प्रत्यक्षात मात्र तोच सर्वाधिक दमवणारा आहे, कारण धोंडी संपतच नाहीत आणि एव्हाना मांड्या थरथरू लागलेल्या असतात. पाय मुरगळण्याचे प्रकार कड्यावर नव्हे तर येथे घडतात, असे तरुणांचे सांगणे होते. करोली घाटाची वाट फुटते तेथे मामांनी आमचा निरोप घेतला. ते घाटाने वर गेले आणि तरुण आम्हाला जंगलातून डेहण्यापर्यंत घेऊन आले.

जाण्याचा काळ डिसेंबर ते मार्च हा उत्तम. एप्रिल-मे महिन्यांत पाणी कमी असते, परंतु खालचा कोकणाकडील भाग अतिशय तापतो आणि वळवाच्या पावसाची धास्ती असते. रतनगडाच्या बाजूला ढग दाटले आणि आपल्या डोक्यावर निळे आकाश असले, तरी पाणी येणार ते याच घळीत. आणि उभ्या भिंतींमध्ये वर चढून जाण्याला जागा नाही. त्यामुळे वाटाड्याने नको म्हटले तर त्या दिवशी दरीत उतरू नये, पैसे भरलेले असले तरीही. पावसाळ्यात दरीत शिरण्याचा विचारच करू नये.

कातळांना आग्या मोहोळे लटकलेली असतात. त्यांच्याखालून जाताना आवाज, धूर आणि अत्तर तिन्ही वर्ज्य. हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो, त्यामुळे प्रवेश शुल्क, मुक्काम आणि शेकोटी यांविषयीचे चालू नियम गावात आधी विचारून घ्यावेत. सामानात घोट्याला आधार देणारे, खडबडीत तळाचे बूट, जलरोधक पिशवीत कोरडे कपडे, डोक्याला लावायची विजेरी आणि किमान तीन लिटर पाणी असावे. जीन्स ओली झाली की जड होते आणि वाळत नाही. दरीत मोबाइलला रेंज नसते, म्हणून डेहण्याला पोहोचण्याची अपेक्षित वेळ गावात कोणाला तरी सांगून ठेवावी.

मुंबईहून कसारा किंवा इगतपुरीपर्यंत रेल्वेने आणि पुढे घोटी, शेंडीमार्गे साम्रदला येता येते. पुण्याहून आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर असा रस्ता आहे. शेंडीच्या पुढे सार्वजनिक वाहनांचा भरवसा नसल्याने जीप आधी ठरवावी. स्वतःचे वाहन साम्रदला ठेवून डेहण्याला उतरलात, तर ते परत आणण्यासाठी सारा घाट वळसा घालून यावे लागते. अशा वेळी चालक बरोबर असावा किंवा करोली घाटाचा पर्याय घ्यावा. डेहण्याहून आसनगाव रेल्वे स्थानकापर्यंतची जीप वाटाडेच सकाळी निघण्यापूर्वी ठरवून देतात, आणि तिला सायंकाळची वेळ देताना आपल्या अंदाजात दोन तास मिळवून सांगावेत.